उजवीकडचं नाही

बाबांनी चाळीस वर्षं लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं सांभाळली आणि स्वतः राहिले तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. कुणी त्यावरून चिडवलं की म्हणायचे, "दिवसभर तिचंच तोंड बघतो, घरी आल्यावर तरी नको." बायको, दोन मुलं, एक अवजारांची पेटी आणि 'नाही' हा एक शब्द, एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार चालला.

तो 'नाही' त्यांच्या धंद्यात गाजलेला होता. एकदा एका सात मजली कचेरीत कुणी बडा पाहुणा यायचा होता. सकाळी बाबांनी लिफ्टचा दोर तपासला, तर त्यातल्या तीन तारा तुटलेल्या. त्यांनी दारावर 'बंद' असा लाल फलक लावला आणि दारासमोर स्टूल टाकून डबा उघडला. मॅनेजर आधी गोड बोलला, मग ओरडला, मग त्याने हात जोडले. बाबांनी घास गिळून 'नाही' म्हटलं आणि पुढचा घास घेतला. पाहुणा सात मजले चढून गेला, वर पोचल्यावर त्याला बोलवेना. तेव्हापासून कंपनीत सगळे म्हणायचे, म्हाताऱ्याने एकदा नन्नाचा पाढा लावला की खुद्द मालक आला तरी लिफ्ट हलत नाही. तेव्हा ते चाळिशीतही नव्हते, पण म्हातारा हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

हा हट्ट धाकटीत उतरला. मोठा मुलगा, म्हणजे दादा, समजूतदार निघाला, शिकला, दुसऱ्या शहरात मोठ्या नोकरीला लागला. धाकटी वजनकाटे दुरुस्त करायच्या दुकानात लागली आणि तिथेच रमली. बाजारात तिला काटेबाई म्हणतात. ती काटा कसा तपासते ते बघण्यासारखं आहे. रिकाम्या काट्याने शून्य दाखवलं म्हणून तिचं समाधान होत नाही. ती प्रमाणित वजन आधी मधोमध ठेवते, मग ताटाच्या चारही कोपऱ्यांवर ठेवते. दुकानदार घाई करतात, "अहो बाई, दाखवतोय की बरोबर!" ती म्हणते, "एका कोपऱ्यात दाखवतोय. उरलेल्या तीन कोपऱ्यांत काय दाखवतो ते बघू." हे ऐकून ऐकून लोकांचे कान किटले आहेत.

बाबांचं एक व्यसन होतं, आणि ते तळहाताएवढं होतं. मुलं लहान असताना घरात एक हातात धरून खेळायचं यंत्र आलं. राखाडी प्लास्टिकचं, हिरवट पडद्याचं, चार पेन्सिल सेलवर चालणारं. डावीकडे चार दिशांचं फुलीसारखं बटन, उजवीकडे दोन गोल बटनं, त्यातलं एक कबूल करायचं आणि दुसरं माघार घ्यायचं, आणि खाली आणखी दोन बारकी बटनं. ते मुलांसाठी आणलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात बाबांनी ते "जरा तपासतो" म्हणून नेलं ते परत दिलंच नाही. दुपारच्या सुट्टीत, इमारतीच्या माथ्यावरच्या लिफ्टच्या खोलीत, मोटारीच्या शेजारी बसून ते त्यावर खेळायचे. पांढऱ्याचं पिवळं व्हावं तसं त्या यंत्राचं राखाडीचं पिवळं झालं, बटनांवरची अक्षरं पुसून गेली, पण ते चालत राहिलं.

आई गेली त्या वर्षी घर फार शांत झालं. धाकटीने लग्न केलं नव्हतं. संध्याकाळी ती आणि बाबा समोरासमोर बसायचे आणि दोघांनाही काही सुचायचं नाही. मग तिने त्या जुन्या यंत्रासाठी नवे खेळ लिहायला शिकायचं ठरवलं. असला उद्योग करणारी माणसं जगभर आहेत. ज्या यंत्राचा कारखाना कधीच बंद पडला, त्याच्यासाठी ती घरबसल्या खेळ लिहितात, अडलं की इंटरनेटवर एकमेकांना विचारतात. तिने पुन्हा पुन्हा लिहिता येणारं एक कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायची खेळाची वडी, मागवलं आणि पहिला खेळ केला तो अर्थातच लिफ्टचा. वरचं बटन दाबलं की लिफ्ट वर जाणार, खालचं दाबलं की खाली, गोल बटनाने दार उघडणार.

खेळ तयार झाल्यावर तिने तो बाबांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा लावला, पाच मिनिटं खेळले आणि यंत्र परत दिलं.

"नाही."

"काय नाही?"

"दार उघडं असताना लिफ्ट हलते. यात माणूस बसवायचा नाही."

तिने ते दुरुस्त केलं. मग बाबा म्हणाले, मजल्याच्या पातळीवर थांबत नाही, दोन बोटं वर थांबते. मग म्हणाले, सगळे मजले एकदम मागितले की ती गोंधळते. असं नऊ वेळा झालं. दहाव्या वेळी त्यांनी यंत्र परत दिलंच नाही, खिशात घातलं. धाकटीच्या लेखी ते प्रमाणपत्रच होतं.

यानंतर दोन वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी तपासून सांगितलं की त्यांना सगळं कळतंय, फक्त बाहेर काढता येत नाही. मान हलवायचे, पण होकाराला आडवी हलायची आणि नकाराला उभी, आणि तेही दर वेळी तसंच होईल याचा भरवसा नाही. बाईंनी 'हो' आणि 'नाही' लिहिलेली दोन कार्डं पुढे धरली. बाबांच्या डाव्या हाताचं बोट थरथरत दोन्ही कार्डांच्या मधे भिरभिरलं आणि शेवटी त्यांनी दोन्ही कार्डं उडवून दिली. मोठ्या पडद्याच्या मोबाइलवर तीच गत झाली. शब्दावर जगलेल्या माणसाचा नेमका शब्दच गेला होता, आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं की थरथरणारा तो हात उशाजवळच्या जुन्या यंत्रावर पडला की थांबतो. तिने ते पिवळं यंत्र एका फळीवर घट्ट बसवलं, फळी बाबांच्या मांडीवर ठेवली, आणि आठ दिवसांत एक नवा खेळ लिहिला. त्याला खेळ म्हणायचं ते केवळ जुन्या सवयीने. पडद्यावर डावीकडे 'हो', उजवीकडे 'नाही'. प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला चौकट 'हो'वर असते. उजवी दिशा दाबली की ती 'नाही'वर सरकते. कबुलीचं गोल बटन दाबलं की उत्तर पक्कं, आणि घंटा वाजते. प्रश्न विचारणाऱ्याने तोंडाने विचारायचा.

तिने तो संगणकावर तपासला. त्या जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा एक प्रोग्राम असतो, त्याला इम्युलेटर म्हणतात. त्यावर हो, नाही, पुन्हा हो, सगळं सोळा आणे बरोबर चाललं. मग तिने कार्ट्रिज खऱ्या यंत्रात घातलं. पडदा सुरू झाला, अक्षरं उमटली. तिने गोल बटन दाबलं, 'हो'वर घंटा वाजली, आणि ती धावतच बाबांच्या खोलीत गेली. खऱ्या यंत्रावर उजवी दिशा तिने एकदाही दाबून बघितली नाही. काटेबाईने, चार कोपऱ्यांचं तुणतुणं वाजवणाऱ्या बाईने, त्या दिवशी एकच कोपरा तपासला.

"बाबा, मी कोण ते कळतंय ना?"

बाबांचा पंजा यंत्रावर पालथा पडला. घंटा वाजली. हो.

ती रडली, दिवसभर बाबांना सांभाळणाऱ्या मावशी रडल्या, फोनवर दादा रडला. त्यानंतर सात आठवडे घरात विचारणं आणि घंटा याखेरीज काही नव्हतं. खिडकी लावू? हो. टीव्ही लावू? हो. चहा? हो. मीठ कमी चालेल? हो. बाबांचा पंजा एवढा मोठा की खाली कुठलं बटन दाबलं जातंय ते कुणाला दिसायचं नाही, सगळे पडद्याकडे बघत. दादा म्हणाला, "आजारपणाने माणूस निवळला गं." शेजारी म्हणाले, चांगलं लक्षण आहे. बाबा मात्र उत्तर दिल्यावर पुष्कळदा यंत्रावर तळहात आपटायचे. धाकटी हसायची. लिफ्टचं पॅनेल अडलं की ते असंच आपटायचे, जुनी खोड आहे, म्हणायची.

मग ती मोठी गोष्ट निघाली. मावशी पाचला जात. धाकटी दुकानातून सातला येई. मधल्या दोन तासांत बाबा एकटे, आणि एकदा ते पलंगावरून घसरून तसेच जमिनीवर पडून होते. दादाच्या शहरात अशा माणसांसाठी एक केंद्र होतं. स्वच्छ, चोवीस तास परिचारिका, तळमजला, बाग. दादाने फोटो दाखवले, नीट समजावून सांगितलं आणि फळी बाबांच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, तुमची इच्छा असेल तरच. येणार ना माझ्याकडे, त्या केंद्रात?"

घंटा वाजली. हो. बाबांनी यंत्रावर तळहात आपटला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दादाने तो हात हातात घेतला. "बस, बस, बाबा. कळलं."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. हे स्पष्टच सांगायला हवं, कारण पुढे तिला याचीच टोचणी लागली. ती थकली होती. रोज तीन जिने धावत चढायची, दाराची कडी काढताना आत काय दिसेल याची धास्ती असायची. तो 'हो' तिला हवा होता.

जायचा दिवस रविवारचा ठरला. सकाळी नऊला रुग्णवाहिका येणार, चार माणसं खुर्चीसकट बाबांना खाली उतरवणार. शनिवारी दादा आला. दुपारी तो डॉक्टरांकडे कागद आणायला गेला. बाबा झोपले होते. मावशी त्यांचे कपडे घड्या घालून बॅगेत भरत होत्या आणि धाकटी औषधांची यादी लिहीत होती.

मावशी म्हणाल्या, "ताई, तिकडच्या बायकांना एक सांगून ठेवा. चहाचं विचारू नका म्हणावं."

"का? आवडतो की त्यांना."

"कुठला आवडतो! हो म्हणतात, मी करून आणते, आणि तोंड फिरवतात. एक घोट घेतला तर शपथ. रोजचे चार कप मोरीत ओततेय मी. विसरत असतील, म्हणून काही बोलले नाही."

धाकटीचं पेन थांबलं. "चारही वेळा हो म्हणतात?"

"रोज. कधी नाही म्हणून म्हणालेच नाहीत."

तिच्या मनात पाल चुकचुकली. कुठलंही वजन ठेवलं तरी एकच आकडा दाखवणारे काटे तिने पाहिले होते. गिऱ्हाइकाला तो आकडा हवा तसा असला की असा काटा वर्षानुवर्षं दुकानात चालतो.

ती बाबांच्या खोलीत गेली, उशाजवळची फळी हळूच उचलून जेवणाच्या टेबलावर आणली. खालचं एक बारकं बटन दाबून यंत्र सुरू केलं की आजवरच्या उत्तरांची बेरीज दिसते, अशी सोय तिने वाचा शिकवणाऱ्या बाईंसाठी ठेवली होती. बाईंनी ती कधी मागितली नाही आणि हिने कधी पाहिली नाही. आता पाहिली.

हो: ४१८. नाही: ०.

ज्या माणसाने एका साध्या खेळाला नऊ वेळा नाही म्हटलं होतं, त्याच्या नावावर सात आठवड्यांत एकही नाही जमा नव्हतं. 

मग तिने उजवी दिशा दाबली. चौकट सरकायला हवी होती. त्याऐवजी घंटा वाजली. हो. पुन्हा दाबली, पुन्हा घंटा, पुन्हा हो. म्हणजे बाबा 'नाही'कडे जायला निघाले की पहिल्याच पावलाला त्यांचा 'हो' होत होता.

"काय झालं ताई?" मावशींनी विचारलं. 

धाकटीच्या हाताला काम माहीत होतं. तिने यंत्र उघडलं. बटनांखालचे रबर झिजले असतील, असं वाटून ते स्पिरिटने पुसले. फरक नाही. कार्ट्रिजच्या पट्ट्या पुसल्या. फरक नाही. लिफ्टचा जुना खेळ घालून बघितला, तो सुरळीत चालला. म्हणजे यंत्र चांगलं होतं, खोट तिच्या लिहिण्यात होती. संगणकावर तेच लिहिणं इम्युलेटरवर चालवलं, तर तिथे चौकट कशी शहाण्यासारखी उजवीकडे सरकली. मग घोडं पेंड खातंय कुठे?

तिने पडद्याच्या तळाला आठ छोटे चौकोन काढले, प्रत्येक बटनाचा एक. यंत्राला जे बटन दाबलंय असं वाटेल त्याचा चौकोन काळा व्हावा, एवढंच. कार्ट्रिज परत भरलं, यंत्रात घातलं, आणि फक्त उजवी दिशा दाबली.

दोन चौकोन काळे झाले. उजवी दिशा आणि कबुलीचं गोल बटन.

आता तिला उलगडा झाला, आणि उलगडा होताच ती खुर्चीवर मागे टेकून बसली. त्या यंत्रात बटनं आठ, पण त्यांची खबर आणणाऱ्या तारा चारच. चार दिशांचा एक गट, उरलेल्या चार बटनांचा दुसरा. एकाच तारांवरून आधी एका गटाला विचारायचं, मग दुसऱ्या गटाला. गट बदलल्यावर क्षणभर थांबावं लागतं, नाहीतर आधीच्या गटाचं उत्तर तारेवर रेंगाळत असतं आणि तेच दुसऱ्याचं म्हणून हातात येतं. उजव्या दिशेची आणि कबुलीच्या बटनाची तार एकच होती, आणि तिचा खेळ आधी कबुली मोजायचा, चौकट नंतर सरकवायचा. इम्युलेटरमध्ये तारच नाही, तर रेंगाळणार काय?

हे तिला माहीत नव्हतं असंही नाही. पहिल्या वर्षीच, ज्याला सगळे आजोबा म्हणायचे अशा इंटरनेटवरच्या एका जुन्या जाणत्याने तिला लिहिलं होतं, "गट बदललात की बटनांना एकदा विचारून विश्वास ठेवू नका. पाच-सहा वेळा विचारा आणि शेवटचं उत्तर खरं धरा." लिफ्टच्या खेळात तिने ते केलं नाही आणि काही बिघडलं नाही, कारण त्यात दिशांपैकी फक्त वर आणि खाली होतं, आणि त्यांच्या तारेवरची दुसरी दोन बारकी बटनं त्या खेळात कुठे वापरलीच नव्हती. नऊ वेळा तपासणाऱ्या बाबांनाही ती खोट दिसणं शक्य नव्हतं. हो-नाहीच्या वेळी तिने बटनं वाचायचा तोच तुकडा जसाच्या तसा उचलून इकडे लावला.

दुरुस्ती सहा ओळींची होती. पाच मिनिटं लागली.

मग तिने तपासलं. मावशींना समोर बसवलं, त्यांनाच कागदावर चाळीस उत्तरं उलटसुलट लिहायला लावली आणि म्हणाली, "यातलं एकेक दाबा. मला सांगू नका." मावशी दाबत गेल्या, ती पडद्यावरचं लिहीत गेली. चाळीसच्या चाळीस जुळली. तिने 'हो' उजवीकडे आणि 'नाही' डावीकडे ठेवून आणखी चाळीस घेतली. तीही जुळली.

"म्हणजे इतके दिवस..." मावशी म्हणाल्या आणि तोंडावर हात ठेवला. "आणि मी म्हणतेय, म्हातारपणाचं विसरतात."

बाबा उठले तेव्हा चार वाजले होते. धाकटीने त्यांना उशांवर टेकवून बसवलं आणि फळी मांडीवर ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. गेल्या पंधरवड्यात ते त्या फळीकडे असेच अनोळखी नजरेने बघायचे आणि सगळे म्हणायचे, कंटाळले.

"बाबा, यंत्र बिघडलं होतं. चूक माझी होती. एकदा दाबून बघा."

खूप वेळाने पंजा हलला. चौकट 'हो'वरून 'नाही'वर सरकली आणि तिथेच थांबली. घंटा वाजली नाही.

बाबांनी मान खाली घालून पडद्याकडे टक लावली. चौकट डावीकडे नेली. उजवीकडे आणली. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. दुरुस्त केलेली लिफ्ट ते अशीच चार वेळा रिकामी फिरवून बघायचे. मग त्यांनी गोल बटन दाबलं. नाही. तिने काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी पुन्हा चौकट नेली, पुन्हा दाबलं. नाही. नाही. नाही. अकरा वेळा घंटा वाजली आणि अकराही वेळा तेच. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डावा हात मात्र अजिबात थरथरत नव्हता.

तिने विचारलं, "उद्या दादाबरोबर केंद्रात जायचंय?"

नाही.

सहाला दादा आला. हातात डॉक्टरांचे कागद, कपाळावर घाम. तिने त्याला सगळं सांगितलं, आठ चौकोन दाखवले, चाळीस आणि चाळीस उत्तरांचे कागद पुढे ठेवले. त्याने ते शेवटपर्यंत वाचले.

"अगं, पण कालपर्यंत तू हेच यंत्र बरोबर आहे म्हणत होतीस."

"हो."

"आज म्हणतेस चुकलं होतं, आता बरोबर आहे. उद्या अजून काही म्हणशील. तिकडे सगळी तयारी झालीय. आणि ते नको म्हणतायत की तुला त्यांना सोडवत नाहीये?"

तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. "खरं सांगू? मला हो हवं होतं, दादा. म्हणूनच मी तपासलं नाही. ते नाही म्हणाले असते तर त्याच दिवशी यंत्र उघडून बसले असते."

 दादाने कागद टेबलावर ठेवले, हातपाय धुतले आणि बाबांच्या पलंगावर येऊन बसला. "बाजू बदल," तो म्हणाला. "नाही डावीकडे कर. मीच विचारतो."

तिने बाजू बदलली. आता चौकट सुरुवातीला 'नाही'वर होती. बाबांना दाखवलं. त्यांनी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे नेऊन पाहिली.

"बाबा, मी डॉक्टर आहे का?"

नाही.

"मी तुमचा थोरला?"

चौकट उजवीकडे गेली. हो.

"आपण तळमजल्यावर राहतो?"

नाही.

 पुढचा प्रश्न दादाने आधी ठरवला नसावा, कारण तो विचारताना त्याचाच आवाज कापला. "आई आहे का अजून?"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. पंजा यंत्रावर होता, पण बराच वेळ काहीच झालं नाही. मावशी घरी जायच्या खोळंबल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या. मग घंटा वाजली.

नाही.

दादाने डोळे पुसले. "बाबा, माझ्याकडे केंद्रात यायचं?"

नाही. एकदाच. त्यांनी यंत्रावर तळहात आपटला नाही, उलट बोटं सैल सोडली आणि मागे उशीवर डोकं टेकलं. बंदचा फलक लावून डबा उघडताना त्यांचा चेहरा असाच दिसत असणार.

दादा उठून गॅलरीत गेला. रुग्णवाहिकेला आणि केंद्राला फोन केले, दोन्हीकडे माफी मागितली. परत येऊन धाकटीला म्हणाला, "मग कसं करणार तू? संध्याकाळचे दोन तास?"

"माहीत नाही."

"मावशींना विचारू. नाहीतर दुसरं कुणी बघू. आणि मी महिन्यातून आठवडाभर येतो. आधीच यायला हवं होतं." तो बॅगेपाशी बसला आणि भरलेले कपडे एकेक करून कपाटात ठेवायला लागला. घड्या त्याला नीट जमत नव्हत्या.

धाकटी बाबांजवळ एकटी राहिली. तिने बाजू पुन्हा पहिल्यासारख्या केल्या, 'हो' डावीकडे, 'नाही' उजवीकडे. चारशे अठरा होकार. त्यातले किती खरे आणि किती लादलेले, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. खिडकी, टीव्ही, अळणी जेवण, अंगावरचं पांघरूण. सात आठवडे हा माणूस नाही म्हणत होता आणि सगळं घर त्याला शाबासकी देत होतं.

"बाबा, माझ्यावर रागावलात?"

चौकट उजवीकडे गेली, 'नाही'वर थांबली. बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग चौकट परत डावीकडे आणली आणि दाबलं.

हो.

"बरोबर आहे," ती म्हणाली. तिला वाटलं होतं की हे ऐकवणार नाही, पण ऐकवलं. उठून दिवा लावला, पांघरूण सारखं केलं, आणि दाराशी जाता जाता, मनात काहीच नसताना, रोजच्या सवयीने विचारलं, "चहा करू थोडा?"

घंटा वाजली. तिने वळून पाहिलं. चौकट उजवीकडे होती. नाही.

एवढ्या दिवसभरात ती रडली नव्हती, ती तिथे, दाराच्या चौकटीला धरून, हमसून हमसून रडली. दादा हातात सदरा घेऊन धावत आला. "काय झालं? काय म्हणाले?"

"चहा नको म्हणाले," ती म्हणाली.